राखणीची हाक

प्रबुद्धचा आवाज राहिला की गेला, हे परवापर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नाही.

आम्ही दोघं पोशीरचे. कर्जतच्या कॉलेजात मी मराठी घेतलं. त्याने कॉमर्स घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं. मग तो कुंभिवलीच्या एका गोदामात कामाला लागला. तिथल्या हरेशने त्याला आपल्या बँडमध्ये गायला ओढलं. हरेश गिटार वाजवायचा. त्यांच्या संगीताला पोस्ट-हार्डकोर म्हणतात. एक ओळ बोलल्यासारखी हळू, पुढची घसा फाडून. ते फाडणं प्रबुद्धला शिकवावं लागलं नाही. तो लहानपणापासून आईबरोबर भाताची राखण करत आला होता.

आमच्याकडे दाणा भरला की शेतात रानडुकरं उतरतात. संध्याकाळी शेताशेतात माणसं बसतात. एकाने ओरडायचं, "हाय का रंऽऽ". बाकीच्यांनी आपापल्या बांधावरून "हाऽय" म्हणायचं. ज्याचं उत्तर येणार नाही त्याच्याकडे काठ्या घेऊन धावायचं.

पहिला अल्बम त्यांनी गावाबाहेरच्या बंद भातगिरणीत रेकॉर्ड केला. ऑक्टोबरचा उकाडा होता, म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या. शेवटचं गाणं संपताना प्रबुद्धच्या तोंडून तीच हाक गेली. गाण्यात ती नव्हती. आणि बाहेरच्या शेतांतून उत्तर आलं. त्यात त्याच्या आईचा, भीमाबाईंचा आवाज वेगळा ओळखू येतो. हरेश म्हणाला, चूक झाली, परत घेऊ. प्रबुद्धने घेऊ दिलं नाही.

अल्बमचं नाव 'राखण'. तो असा पसरेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पुण्याची, शिलाँगची पोरं आता खिडक्या उघड्या ठेवून रेकॉर्ड करतात. कार्यक्रमात प्रबुद्ध हाक द्यायचा आणि मराठी न येणारी शेकडो मुलं "हाय" म्हणायची. मी मागे उभा असायचो.

मग आवाज बसायला लागला. ज्येष्ठमध झालं, गरम पाणी झालं. शेवटी स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मौन सांगितलं. मौन संपलं तेव्हा म्हणाले, आता हळूहळू बोल. तो बोलला नाही. मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं, 'नसला तर?'

मीही घाबरलो होतो.

राखण तो करतच होता. हाक आली की तेलाचा रिकामा डबा वाजवायचा. गावाने ते चालवून घेतलं.

परवा मी त्याच्याबरोबर बांधावर होतो. दिवस मावळत होता. ओढ्याकडच्या खाचरातून भीमाबाईंची हाक आली. त्याने डब्यासाठी हात मागे नेला. डबा नव्हता. मला सकाळचं आठवलं. डबा त्यांच्याच हातात होता आणि त्या मला म्हणाल्या होत्या, "आज तू मधी बोलायचं नाय."

दुसरी हाक आली. प्रबुद्ध गवतात डबा शोधत होता.

तिसऱ्या हाकेला भीमाबाईंचाच आवाज कापत होता.

त्याने तोंड उघडलं. "हाय."

सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तेवढंच. मी शेजारी होतो म्हणून ऐकू आलं. ओढ्यापर्यंत ते पोचणं शक्य नव्हतं. भात हलायला लागलं. भीमाबाई काठी घेऊन धावत येत होत्या. एका हातात डबा खणखणत होता.

धापा टाकत त्या समोर उभ्या राहिल्या. "बोललास का रं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. "हाय," तो म्हणाला. पुन्हा तेवढंच.

त्या मटकन बांधावर बसल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो. 'राखण'मधला तो आवाज गेला होता. ते आम्हा तिघांनाही कळलं होतं.

उठताना त्यांनी डबा त्याच्यापुढे ठेवला.

"लांबून हाक आली तं वाजव. मी जवळ आले तं बोल."