मॅडमकडे गेलेले नवे तांदूळ

मॅडम फोनवर दोनच वाक्यं बोलल्या. "उद्या सकाळी माझ्या घरी ये. येताना वडिलांनाही सोबत आण."

फोन बंद झाल्यावर मी अंगणातच उभी राहिले. कॉलेजच्या तीन वर्षांत मॅडमनी कुणाच्या आईवडिलांना घरी बोलावल्याचं मी ऐकलं नव्हतं. बाबा धानाच्या तणसाच्या ढिगाला टेकून दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"काय मंते मॅडम?"

"उद्या बोलावलं. तुम्हालेबी."

"मले?" दोर तसाच हातात राहिला. "मी काय केलो?"

मॅडमनी बोलावलं म्हणजे शिफारसपत्राचं काहीतरी बिनसलं, एवढं मला कळत होतं. काय बिनसलं ते कळत नव्हतं. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती.

मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं गाव दिघोरीच्या बाजूचं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. दक्षिणेतल्या एका विद्यापीठात पाण्याच्या अभ्यासाचं एम.ए. होतं. निवड झाली तर फी माफ, राहणं-जेवण माफ. निवड नाही झाली तर पुढचं शिक्षण आमच्या आवाक्यात नव्हतं. त्यासाठी दोन शिक्षकांची पत्रं हवी होती, आणि दुसरं पत्र मॅडमचं होतं.

आमच्याकडे कॉलेजातून पत्र घ्यायचं म्हणजे चारित्र्याचा दाखला. ऑफिसातले बाबू छापील कागद काढतात, त्यावर 'वर्तन चांगले' असतं, खाली सही आणि गोल शिक्का. मी आधी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांकडे गेले तेव्हा त्यांनाही तेच वाटलं.

"तूच लिहून आण," सर म्हणाले. "मस्त लिही, लाजू नको. मी सही मारतो."

"सर, मी लिहिलेलं चालत नाही. तुमच्या मेलवर लिंक येते. तुम्ही काय लिहिलं ते मला दिसतही नाही."

"म्हणजे मी तुझी चुगली केली तरी तुला नाही समजणार?" सर हसले, आणि मग त्यांच्या मेलचा पासवर्ड शोधण्यात आमची अख्खी दुपार गेली. शेवटी त्यांनी दोन बोटांनी टाइप करून पत्र पाठवलं. "पोरगी हुशार आहे आणि माझ्या तासाला झोपत नाही, असं लिहिलं. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे."

मॅडमकडे जायला मला जास्त धीर लागला. मॅडम इकडच्या नव्हत्या. नोकरीसाठी सोलापूरकडून आल्या आणि आपल्या आईला घेऊन इथंच राहिल्या. मुलं म्हणायची, मॅडमच्या वर्गात डासपण परवानगी घेऊन चावतो. गावच्या तलावावर मी जो प्रकल्प केला, तो त्यांच्याच हाताखाली. माझ्या पहिल्या मसुद्याच्या प्रत्येक पानावर त्यांनी समासात एकच प्रश्न लिहिला होता: हे ऐकलंस की पाहिलंस? मग मी उन्हाळाभर तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, फिरले आणि सगळं नव्यानं लिहिलं. पत्र मागितलं तेव्हाही त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. "तुझ्याबद्दल मी काय काय पाहिलंय, ते आठवू दे," म्हणाल्या. आठवड्यानं कॉरिडॉरमध्ये थांबवून सांगितलं, "लिहिते आहे." त्या दिवशी मी घरी जाऊन आईला मिठी मारली होती.

सकाळच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले. धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा. कापणी झालेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, दोन्ही बाजूंनी सरकत होत्या, त्यांत लाखोरीचं कडधान्य उगवून आलं होतं. अर्ध्या वाटेवर बाबा बाहेर बघतच म्हणाले,

"मी गेलतो मॅडमच्या घरी. सोमवारी."

"कायले?"

"तांदूळ द्याले. नवे निघाले ना. चिन्नोर." मग थोडं थांबून, "मॅडम नव्हत्या घरी. म्हातारीजवळ देऊन आलो. सराकडंबी देलो."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. धान निघालं की आमच्या घरून तांदूळ जातातच. आधी देवाला. मग लोहाराला, गावची ढोरं चारणाऱ्याला. आणि एक लहान चुंगडी, म्हणजे छोटं पोतं, शाळेच्या गुरुजींना. मी पहिलीत होते तेव्हापासून ती चुंगडी जात आली. गुरुजी निवृत्त झाले, त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला घर बांधलं, तरी जाते. चिन्नोर हा वासाचा तांदूळ बाबा थोडाच लावतात, घरापुरता आणि देण्यापुरता. तो शिजत असला की शेजारणी दारातूनच विचारतात, आज कोण पाहुणे आले?

मॅडमचं दार उघडंच होतं. त्यांची आई पलंगावर बसून वाटाणे सोलत होती. बाबांना बघून तिचा चेहरा फुलला. "या, या. तांदूळ काय सुरेख हो तुमचा! तीन दिवस झाले, आमच्याकडे पोळीच केली नाही."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला.

"पत्र लिहून झालंय. पण शेवटी एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर दिल्याशिवाय ते पुढे जात नाही." त्यांनी इंग्रजीतला प्रश्न बाबांकडे बघत मराठीत सांगितला. "अर्जदाराकडून किंवा तिच्या घरच्यांकडून तुम्हाला काही भेट किंवा लाभ मिळाला आहे का? हो किंवा नाही."

खोलीत वाटाण्याच्या शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा येत होता. मग तोही थांबला.

"'हो' म्हटलं तर खाली लिहिलंय, समिती हे पत्र विचारात घेईलच असं नाही."

मला आधी सर आठवले. "मॅडम, सरांच्या पत्रातही..."

"सरांना मी काल विचारलं. त्यांनी पत्र पाठवल्यावर तांदूळ आले. ते म्हणाले, माझा तांदूळ लेट होता म्हणून मी वाचलो."

एरवी मी हसले असते. मी विचारलं, शिक्षक बदलता येतील का? ती मुदत आदल्या आठवड्यातच संपली होती.

बाबा खुर्चीच्या कडेला आले. आमच्याकडे दिलेलं धान्य परत मागणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं. बाबांनी तसं कधी कुणाशी केलं नव्हतं. ते मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, मंग ते तांदूळ वापस द्या मले. मी घेऊन जातो."

"अहो, आम्ही खाल्ले ते," पलंगावरून आजी म्हणाली.

"जे उरले ते द्या."

"काका," मॅडम म्हणाल्या, "उरलेले दिले तरी मिळाले नव्हते असं होत नाही."

तेव्हा मी बोलले. अजूनही तो माझा आवाज आठवतो, फार बारीक. "मॅडम, 'नाही' करा ना. तांदूळच तर होते. तिथं कोणाले मालूम पडते?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत बघितलं होतं तसं.

"गावात सगळे काय सांगत होते? तलावाला बारा महिने पाणी असतं. तू काय लिहिलंस?"

"मार्चमध्ये आटतो."

"असं का लिहिलंस?"

"कारण मी पाहिला होता."

"या पत्रातलं माझं पहिलं वाक्य तेच आहे. ही मुलगी पाहिलेलं लिहिते. त्याच पत्राच्या खाली मी न पाहिल्यासारखं करू?"

डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिले.

"दोन रस्ते आहेत," मॅडम म्हणाल्या. "मी 'हो' लिहिते, आणि का ते लिहिते. त्यात तुझं नुकसान होऊ शकतं. किंवा मी पत्र पाठवतच नाही. मग अर्ज अपुरा राहील, पण तुझ्यावर कसला शेरा येणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा भरता येईल. तू ठरव."

पुढच्या वर्षी. घरात माझ्या लग्नाचं बोलणं या वर्षापुरतंच थांबलेलं होतं, हे मॅडमना माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं. मग त्यांनी मॅडमना विचारलं,

"मॅडम, त्याईच्या हिशोबानं मी लाच देलो का?"

"त्यांना तुम्ही माहीत नाही, काका. म्हणून विचारतात."

"मंग सांगा ना त्याईले." बाबांचा आवाज चढला. दुसऱ्याच्या घरात त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "लोहाराले देतो ते कामाचं. गुरुजीले देतो ते कामाचं नाई. त्याईले तर सरकार पगार देते. नवं धान घरी आलं आन् ज्यानं लेकराले शिकवलं त्याच्या घरी नाई गेलं, तर माह्या घरी कसं शिजंल? चिठ्ठी नसती देली तरी मी येतच होतो."

मॅडमनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "परत सांगा. सावकाश. कुणाकुणाला देता?"

बाबांनी सांगितलं. देव, लोहार, ढोरं चारणारा, गुरुजी. मॅडम इंग्रजीत टाइप करत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "चुंगडी किती मोठी?" तर आजीनं हातांनी माप दाखवलं आणि म्हणाली, "खरं लिही, कमी नको लिहू." टाइप करून झाल्यावर मॅडमनी बाबांना सगळं मराठीत वाचून दाखवलं. शेवटी त्यांनी स्वतःचं एक वाक्य घातलं होतं: हे तांदूळ मी खाल्ले आहेत, पत्र त्याआधीच लिहिलेलं होतं, त्यात मी एकही शब्द बदललेला नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "सांग."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही.

"पाठवा मॅडम," मी म्हणाले.

घरी आईनं सगळं ऐकलं आणि बाबांच्या पुढ्यात ताट आदळलं. "मोठे आले दानशूर! पोरीची चिठ्ठी खाल्ली तुमच्या तांदळानं." बाबा निमूट जेवले. गुरुजींची चुंगडी अजून जायची होती. कोठीशेजारी तोंड बांधून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, कधी नेता? ते म्हणाले, "राहू दे. कोणाचं काय नुकसान होईल, आपल्याले काय मालूम." त्यानंतर ते त्या कोपऱ्याकडे बघेनासे झाले. आई झाडताना चुंगडी सरकवायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. मला पत्राची जितकी काळजी होती, तितकीच हळूहळू त्या चुंगडीची वाटायला लागली.

बरेच दिवस काहीच आलं नाही. मग मुलाखतीचा मेल आला. गावात रेंजचा भरवसा नव्हता, म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसले. सर दारात उभे राहून मुलांना हाकलत होते. "हळू रे! पोरगी विद्यापीठात बसली आहे." मॅडम आल्या नाहीत. ते बरोबर नाही, म्हणाल्या.

पडद्यावर तिघं होते. तलावाबद्दल पुष्कळ विचारलं. माझं इंग्रजी अडखळत होतं, पण तलाव मला पाठ होता. मग मधल्या वयस्क बाईंनी चष्मा वर केला. "तुमच्या प्राध्यापिकेनं तांदळाबद्दल लिहिलं आहे."

"हो."

"त्यांनी तुमच्याबद्दल वाईट लिहिलं असतं, तर वडिलांनी तांदूळ दिले असते?"

मी विचार केला. मी काय पाहिलं होतं? चौथीत असताना पाढे चुकले म्हणून गुरुजींनी मला अख्ख्या वर्गासमोर छडी मारली होती. हात सुजला होता. आई भांडायला निघाली होती. त्याच महिन्यात धान निघालं, आणि बाबा चुंगडी घेऊन त्यांच्याकडे गेले. मी रडत विचारलं होतं, काहून? बाबा म्हणाले होते, पाढे तर त्यानंच शिकवले ना.

हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिघांपैकी कुणी हसलं नाही. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं, आणि मुलाखत संपली. बाहेर सर म्हणाले, "काय विचारलं?" मी म्हणाले, "पाढे." ते गोंधळून गेले.

निवडीचा मेल आला तेव्हा सकाळ होती. आई चुलीशी होती. मी तीनदा वाचला, मग तिला सांगितलं. ती तशीच पिठाच्या हातानं रडायला लागली. बाबा गोठ्यात होते. मी दारातून ओरडले, "बाबा, झालं! घेतलं मले!"

ते आत आले. काय झालं, कुठं जायचं, कधी, काहीच विचारलं नाही. पाय धुतले. मग कोठीकडे गेले, चुंगडी उचलली, तिचं तोंड नीट बांधलेलं आहे का ते चाचपलं आणि बाहेर जाऊन सायकलच्या कॅरिअरवर ठेवली.

"चाय तर पिऊन जा," आई आतून म्हणाली.

"गुरुजीकडंच पितो," बाबा म्हणाले, आणि दोर आवळायला लागले.