काकूचे दुसरे माहेर

मागच्या वर्षी पोळ्याच्या चौथ्या दिवशी, भर दुपारी, आसगाव येथे माझ्या काकूने आपले माहेर बदलले. त्याआधी ते नाकाडोंगरी होते.

बदल कागदोपत्री नव्हता. तो तिच्या फोनमधल्या बँकेच्या ॲपपुरता होता. हे ॲप मधूनमधून विचारते, ‘तुमचे जन्मगाव कोणते?’ आणि बरोबर उत्तर देणाऱ्याला आत घेते. हे उत्तर फक्त खातेदाराला ठाऊक असते, असे ॲप बनवणारे धरून चालले होते. आमच्या आळीत सुनेला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही. ती ज्या गावाहून आली त्या गावाने मारतात. काकू लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती नाकाडोंगरीवाली. हे गुपित रोज सकाळी विरजणासाठी कुंपणापलीकडून ओरडले जात होते.

पोळ्याच्या आठवडाभर आधी तिला एका अनोळखी माणसाचा फोन आला होता. “नाकाडोंगरीवाल्या काकू बोलून राहिल्या का?” असे त्याने विचारले. माहेरचे नाव निघाल्यावर काकूने त्याला पाऊसपाणी विचारले, धानाचे विचारले, चहा झाला का तेही विचारले. वीस मिनिटांनी त्याने फोन ठेवला. त्यानंतर ॲप उघडेना. खात्यातून काही गेले नाही, असे बँकेने सांगितले आणि ॲप नव्याने सुरू करून दिले. तो माणूस कोण होता हे कळले नाही. तो बोलायला चांगला होता, एवढे काकू अजून सांगते.

काकाजींनी निर्णय दिला.

“आता अजून एकदा का हे बंद पडलं, तर फोन कपाटात. तुले बटनवाला घेऊन देतो.”

“बटनवाल्यात पोरगी दिसते का?” काकूने विचारले.

“आवाज आयकाले येते ना.”

“आवाज तर तुमचाबी येते. पाहावं वाटते का?”

त्यांची मुलगी, माझी चुलत बहीण, पुण्याला एका दवाखान्यात नर्स आहे. वर्षातून दोनदा येते. एरवी काकू तिला फोनच्या पडद्यावरच पाहते. फोन कपाटात जाणे म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना समजले होते. काकाजी कपाटाची किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवून फिरू लागले.

पोळ्याच्या चौथ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात सायबर सुरक्षेचे शिबिर झाले. मी सुट्टीवर होतो, म्हणून हजर होतो. तालुक्याहून आलेल्या प्रशिक्षक बाई तरुण होत्या आणि तयारीने आल्या होत्या. त्यांनी पहिल्या रांगेतल्या काकूला उभे केले.

“समजा, काकू, मी चोर आहे. मला तुमचं जन्मगाव माहीत नाही. तुम्ही मला सांगाल का?”

“नाई,” काकू ठामपणे म्हणाली.

“नाकाडोंगरी!” सभागृह म्हणाले.

बाईंनी दुसऱ्या बाईला उभे केले. तिसरीला केले. तीन गावे कळल्यावर त्या ग्लासभर पाणी प्यायल्या आणि तयार करून आणलेले भाषण त्यांनी बाजूला ठेवले. ॲपला खरेच उत्तर दिले पाहिजे असा नियम नाही, असे त्यांनी सांगितले. कोणतेही गाव द्या, फक्त ते लक्षात ठेवा आणि कोणाला सांगू नका. उत्तर बदलायचे कसे, तेही त्यांनी प्रत्येकीच्या फोनवर दाखवले.

शिबिर संपल्यावर सात जणी आमच्या ओसरीवर आल्या. मी वर्तमानपत्रात काम करतो, त्यामुळे खोटे गाव काढून देणे माझ्या हातचे आहे, असा त्यांचा समज होता. वर्तमानपत्रात गावे पडताळून घेतात, असे मी सांगितले. ते कोणी मनावर घेतले नाही.

“मले महाबळेश्वर लिव जी,” एक जण म्हणाली. “नवऱ्यानं लग्नात कबूल केलं होतं. नेलं नाई. आता माहेरच तिथलं करून टाकतो.”

“हळू बोल वो. कोणाले सांगाचं नाई म्हणे.”

“तुमी काय कोणी हाव का? तुमी तर घरच्याच.”

अशा रीतीने सातपैकी पाच नवी माहेरे ओसरीवरच जाहीर झाली. दोन जणी अयोध्येच्या झाल्या. त्यावरून कोणी आधी म्हटले याचा वाद झाला आणि एकीला काशीला जावे लागले. सहावी बाई गोसीखुर्दच्या धरणात बुडालेल्या गावची होती. तिने बदल करायला साफ नकार दिला.

“माह्यं माहेर पाण्याखाली आहे. चोराले पायजेन तर मारन बुडी.”

सातवी काकू. ती फोन घेऊन न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “झालं.” कोणते गाव, हे तिने सांगितले नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी गावात नव्हतो. काय झाले ते मला तिघांकडून कळले आणि तिघांच्या सांगण्यात फरक नव्हता. धानाच्या निंदणात बायका वाकल्या वाकल्या काकूचे माहेर ओळखू लागल्या.

“काहून वो, तुया माहेरी समुद्र आहे का?”

“नाई सांगत.”

“मंग डोंगर आहे.”

“धान निंद.”

मी पुन्हा गावी गेलो त्या रविवारी दुपारी काकूचा धाकटा भाऊ नाकाडोंगरीहून आलेला होता. बहिणीने माहेर टाकल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. दोन बसगाड्या बदलून तो आला होता. सोबत चारोळीची पिशवी होती, पण ती त्याने दिली नव्हती. मांडीवर धरून बसला होता.

“बाई, आमी काय कमी केलं तुले?”

“अरे, ते फोनापुरतं आहे.”

“फोनापुरतं म्हनशीन, पन लिवलं ना दुसरं? कोनतं गाव ते तरी सांग. आमच्याहून मोठं आहे का?”

“सांगता येत नाई. शिबिरातल्या बाईनं नाई म्हणून सांगतलं.”

“मी भाऊ होय!”

“चोरबी काकूच म्हणे.”

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून मुलीचा संदेश होता: बँकेचे ॲप उघडून पाहा, चालू आहे ना ते सांग. काकूने उघडले. ॲपने जन्मगाव विचारले. काकूचे बोट सवयीने चालले आणि ‘नाकाडोंगरी’ लिहून मोकळे झाले. उत्तर चूक, असे आले. भावाचा चेहरा पाहण्यासारखा होता.

“अजून दोनदा जमते,” मी वाचून सांगितले. “मग बंद.”

काकाजींनी फोन हातातून घेतला.

“मले माईत आहे. लगन झाल्यावर बाईचं गाव कोनतं? आसगाव.” त्यांनी ते लिहिले. उत्तर चूक.

“कोनं सांगतलं होतं तुमाले?” काकू म्हणाली. “आता एकच डाव राह्यला.”

काकाजींनी गळ्यातली किल्ली हातात घेतली. शेजारच्या दोघी कुंपणाला दार असल्यासारख्या आत आल्या होत्या. काकूने सगळ्यांकडे एकदा पाहिले.

“भिताडाकडे तोंड करा. सारे जन.”

“आमीबी?” काकाजी.

“तुमी आधी.”

काकाजी, भाऊ, शेजारच्या दोघी आणि मी, असे पाच जण भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. भिंतीवर आदल्या वर्षीचे कॅलेंडर होते. भावाने मान वळवली, तेव्हा काकूने मागूनच “ए” म्हटले आणि त्याने ती परत सरळ केली. पदराखाली बोट चालल्याचा आवाज आला.

“वळा,” काकू म्हणाली.

ॲप उघडले होते. उत्तर कोणते होते, याला आजपर्यंत दुजोरा मिळालेला नाही. काकूने तिथेच उभ्या उभ्या पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. मुलगी ड्युटीवर होती. नंतर करते, म्हणाली.