तेलुगूतलं 'चालू' आणि आमची विहीर

मंडळी, आता कुठं घोटभर चहा गोड लागला, म्हणून लिहायला बसलो.

वडनेरच्या आमच्या शेतात आज बोअरची गाडी आली. कामगार सगळे तेलुगू बोलणारे. माझा धाकटा भाऊ प्रकाश पाइपांची ट्रॉली जोडून ट्रॅक्टर मागं घेत होता. मागं आमची जुनी विहीर, तिला कठडा नाही. तिथं उभा असलेला एक कामगार ओरडला, "चालू! चालू!"

"हाव, घेऊन राह्यलो!" म्हणत प्रकाशनं ट्रॅक्टर आणखी मागं घेतला. तो माणूस हात हलवत जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "चालू!"

तेवढ्यात आई किंचाळली, "थांब बाप्पा! मांगं इहीर हाय!"

ब्रेक लागला. काठाची ढेकळं पाण्यात पडल्याचा आवाज आला.

प्रकाश उतरून त्याच्यावर धावला, "काऊन चालू चालू म्हनून राह्यला बे?"

हिंदी येणारा त्यांचा मुकादम मध्ये पडला. "भैया, तेलुगू में चालू मतलब बस, हो गया!"

तो कामगार मटकन खाली बसून रडायलाच लागला. प्रकाशनं त्याला उठवून मिठी मारली.

भाऊ घरी सुखरूप आहे, एवढंच पुरे. तुम्हाला कधी असा एखादा ओळखीचा शब्द परक्या भाषेत भेटलाय का?