कॅप्टनचा हर्रास

मोर्शीच्या एका लग्नात जिलबी वाढता वाढता जी मुलगी आचाऱ्यालाच दटावत होती, तिच्याशी माझं जमावं, एवढंच मला देवाकडून पाहिजे होतं. ती अकोल्याची, आमच्यासारखंच भाजीपाला पिकवून बाजारात आणणारं घर. म्हणून भर मे महिन्यात, अकोल्याचं डांबर पातळ होऊन रस्ते आपोआप बाळापूरकडे वाहत होते तेव्हा, आम्ही अमरावतीहून मुलगी पाहायला गेलो. सोबत काका होता. काका आमच्या भाजीबाजारात हर्रास पुकारतो, म्हणजे लिलाव. त्याच्या आवाजानं वांगी देठापासून गळतात.

घोळ एवढाच झाला, की आम्ही नेमके टीव्हीवरच्या क्रिकेटचर्चेच्या वेळी पोचलो.

त्या चर्चेचे दोन सूत्रधार. एक कोटवाला. त्याच्या कोटाच्या एकेका खांद्यावर चौघं बसून पत्ते खेळतील. मॅच संपली की तो म्हणतो, ‘हे मी आधीच बोललो होतो!’ दुसरा दाढीवाला. तो टेबल बडवतो. त्याचा कॅप्टन सोमवारी देव, बुधवारी चोर, शुक्रवारी पुन्हा देव, आणि संताप तिन्ही दिवस सारखाच अस्सल. आयुष्यभर खरंखुरं खेळलेले चार जण खालच्या चौकटींत बसवलेले असतात. त्यांचे ओठ हलतात, आवाज बंद.

मुलीचे वडील कोटवाल्याचे भक्त, मामा दाढीवाल्याचा. माझं शिक्षण, शेती, पगार कोणी विचारलंच नाही. पोह्यांची बशी हातात देऊन वडिलांनी विचारलं, “सांगा पाहुणे, कॅप्टन ठिवाव का काढाव?”

मला दोघंही खूश पाहिजे होते. मी म्हणालो, “आता ठिवाव, हारला तं काढाव.”

“हा तं दोनीकून ढोल वाजवून राहिला!” मामा ओरडला.

“तुह्या दाढीवाल्यावानी!” वडील म्हणाले.

“अन् तुमच्या कोटवाल्याले काय समजते? त्याचा कोट बी भाड्याचा आहे!”

“माह्या घरात त्याले बोलशीन तं चहा नाही भेटनार तुले!”

“ठिवा तुमचा चहा! पन ज्याले कॅप्टनचं समजत नाही, त्याले मी भाची देऊ देत नाही.”

“मंग मी बी नाही देत!”

त्या घरात त्या दिवशी एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर. टीव्हीत ‘काढा!’, ‘ठेवा!’, घरात ‘काढा!’, ‘ठिवा!’, पंख्याची पाती भीतीनं उलटी फिरू लागली.

काका आमरस पिऊन भिंतीला टेकून झोपला होता. पण दोन माणसांचे आवाज एकावर एक चढले म्हणजे भाव चढतो, हे त्याच्या रक्तात आहे. डोळे न उघडताच तो उठला, कोबीच्या ढिगावर ठेवतो तसा माझ्या डोक्यावर पंजा ठेवला आणि गरजला, “बोला, शेवटचं बोला! एक बार! दोन बार!”

वडील आणि मामा, दोघंही जन्मभर हर्रासात उभे राहिलेले. ‘दोन बार’ ऐकलं की जीभ आपोआप टाळूला चिकटते. टीव्हीवरचा कोटवालासुद्धा थांबला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ती म्हणाली, “आमच्या नावानं धरा.”

“तीन बार!” काकानं टाळी मारली, आणि मग डोळे उघडून मला विचारलं, “काय सुटलं रे?”

वडील पुटपुटले, “अवो पन, कॅप्टनचं तं...”

“आता काहाचं कॅप्टन?” मामा कपाळ पुसत म्हणाला. “तीन बार झालं, भाऊजी. आता माल वापस केला तं बाजारात कोन उभं राहू देईन आपल्याले?”

बायको म्हणते, कोटवाला काही काकाला भिऊन थांबला नव्हता, जाहिरात लागली होती. असेल. त्या दोघांची चर्चा अजून चालूच आहे; कॅप्टन तिसरा आला. आमच्या घरात मात्र माझ्याबद्दल पुन्हा बोली लागलेली नाही.