अक्काची भाकर

अक्का गेल्याचं मला वाशीमच्या बाजारात कळलं. मी वांग्यांचा भाव करत होतो. माझ्या गावाकडचा, साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा एक ओळखीचा माणूस बैल विकायला आला होता. तो जवळ येऊन उभा राहिला आणि उगाच पागोटं चाचपत म्हणाला, "मास्तर, तुमची अक्का गेली. माती बी झाली." मी "बरं" म्हणालो. मग वांगी घेतली, तीही किडकी निघाली. शाळेत जाऊन पोरांना पाढे म्हणायला लावले. घरी आल्यावर बायकोला सांगितलं तेव्हा ती मटकन खाली बसून रडायला लागली. मला रडू आलं नाही. आता काही आठवडे होऊन गेले तरी आलेलं नाही. पाय बधिर झाला की चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं काहीतरी झालं आहे. लिहून पाहू म्हटलं...

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, साराबाई. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, म्हणजे दोन वेळा जेवू घातलं आणि चार वेळा बडवलं. आमच्या घराने बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने आमचं पाणी तोडलं. साखऱ्यात तेव्हा ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मंडळी म्हणजे तेवढीच माणसं. सोयरीक त्यांच्यातच, भांडण त्यांच्यातच आणि मेल्यावर खांदाही त्यांचाच. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, हिंगोलीहून बैलगाडीने यायचे, तेही चार-सहा महिन्यांतून एकदा. ते आले की प्रभुभोजन व्हायचं. पाव आमच्या मुलखात कुठला मिळायला! ज्वारीची भाकर मोडून तिचे तुकडे पितळेच्या ताटलीत फिरवायचे, आणि मनुका भिजवून काढलेलं पाणी हाच आमचा द्राक्षारस. भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब थांबायचे आणि विचारायचे, "कुणाच्या मनात काही असेल तर आता सांगावं." मग कुणी उठून सांगायचं, बांध कोरला, शेजारणीला शिवी दिली, दारू प्यालो. ज्याचं वाईट केलं त्याने "माफ केलं" म्हणायचं आणि दोघांनी एकाच ताटलीतली भाकर खायची. आमची रीत एवढी साधी होती.

त्या मनुकांचा डबा अक्काकडे असायचा. एका वर्षी दुष्काळ पडला, घरात गोडाचा खडाही नव्हता, आणि अक्काची लेक तापाने फणफणली होती. पोर "गोड दे, गोड दे" म्हणून रडत होती. अक्काने डबा उघडला. एक दिली, दोन दिल्या, डबा रिकामा झाला. पुढच्या रविवारी पाळकसाहेब आले आणि मनुका कुठे म्हणून विचारलं, तेव्हा अक्काने उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाली, "राहेल आली होती घरी. तिच्याबिगर कुणी शिवलं न्हाई डब्याला." राहेल म्हणजे आमच्या गल्लीतली नवी सून, नुकताच बाप्तिस्मा झालेली, अजून प्रार्थनेचे शब्द चुकणारी. देवाच्या ताटातली चोरी! राहेलने नाकारलं, तसं तिचं पाप दुप्पट झालं. तिला मंडळीबाहेर काढलं. त्याच वर्षी तिच्याकडेच राहणारी तिची आई वारली. राहेलने धर्म सोडला म्हणून माहेरच्यांनी आधीच तिचं नाव टाकलं होतं आणि आता आमच्यातूनही कुणी उठलं नाही. राहेल आणि तिचा नवरा दोघांनीच म्हातारीला बैलगाडीत घालून नेलं. गाडी अक्काच्या दारावरून गेली. राहेल मागून चालत होती, खांद्यावर कुदळ घेऊन.

पाळकसाहेब पुन्हा आले तेव्हा अक्का उठून उभी राहिली. मी तिथे होतो. तिने काहीही लपवलं नाही. पोरीच्या तापाची सबबही सांगितली नाही. राहेलला निरोप पाठवून बोलावलं होतं. ती दाराशी उभी होती. मग म्हणाली, "माफ केलं." पाळकसाहेब म्हणाले, प्रभूनेही केलं. ताटली फिरली, राहेलने भाकर खाल्ली. अक्कापाशी ताटली आली तेव्हा तिने तुकड्याला हात लावला आणि ताटली तशीच पुढे सरकवली.

इथेच सगळं संपायला हवं होतं. पण आमची अक्का ती! पुढच्या खेपेला पाळकसाहेबांनी "कुणाच्या मनात काही" म्हणायची खोटी, अक्का परत उभी. पुन्हा मनुका, पुन्हा राहेल, पुन्हा म्हातारीची गाडी. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. राहेलने दरवेळी माफ करायचं आणि अक्काने दरवेळी ताटली पुढे सरकवायची. वर्षामागून वर्षं गेली. लेकरांना दहा आज्ञांआधी अक्काचं पाप पाठ झालं. मी सुटीत गेलो की चिडवायचो, "अक्का, शिळ्या कढीला किती ऊत आणशील?" ती म्हणायची, "तुला काय कळतंय सामू, मला अजून हलकं वाटून न्हाई राहिलं." पाळकसाहेब समजावून थकले. माफी म्हणजे मजुरी नव्हे, की जास्त राबलं म्हणजे जास्त मिळेल, असं ते तिला सांगायचे. अक्का मान डोलवायची. पालथ्या घड्यावर पाणी!

मग एकदा राहेलच उठली. तोवर तिचे केस पिकायला लागले होते. अक्काचं बोलणं अर्ध्यावर आलं होतं, आणि राहेल मधेच ओरडली, "बस कर, अक्का! तू दरवेळी तुझं पाप सांगून राहिलीस, अन् दरवेळी माझी माय पुन्हा गाडीत घालून राहिलीस. मी तिला एकदाच पुरलंय. माफ केलं म्हटलं ना? मंग घे की! काहून घेत न्हाईस? माझी माफी काय नासकी हाय?"

अक्का उभ्या उभ्या पांढरी पडली. इतकी वर्षं ती स्वतःला शिक्षा देत होती, आणि फटके बसत होते राहेलला, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती खाली बसली. त्यानंतर आमच्या मंडळीच्या देवळात ती कधी उभी राहिली नाही, की त्या मनुकांचं नावही तिने काढलं नाही. पण भाकर काही घेतली नाही. ताटली यायची, ती हात लावायची आणि पुढे द्यायची. माफी मागणं तिला जमायचं. घेणं जमत नव्हतं. मला तिचा राग यायचा. आजही येतो. एवढी जीव लावणारी बाई आणि स्वतःच्याच बाबतीत अशी दगड...

साखरा सरहद्दीपलीकडे, निजामाच्या मुलखात, आणि यंदा तिकडच्या दंग्यांमुळे सरहद्द ओलांडायची म्हणजे जिवाशी खेळ. मला जायला मिळालं तोवर कबरीवरची माती बसलेली होती. अक्काच्या घराला कुलूप असेल असं वाटलं होतं. पण दार उघडं होतं आणि चुलीपुढे राहेल बसली होती. अक्काची लेक सासरी पुसेगावला, तीसुद्धा वाटा बंद म्हणून वेळेवर येऊ शकली नव्हती. अक्काच्या शेवटच्या तापात तिचं सगळं राहेलनेच केलं. मला पाहून ती उठली नाही. "बसा, मास्तर. भाकर टाकते," म्हणाली. मी बसलो. परातीत तिचा हात फिरत होता. मी त्या हाताकडे बघत राहिलो आणि मला काहीच वाटलं नाही.

मग भाकर तव्यावर टाकून, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "एक विचारू का, मास्तर? तुमी शिकलेले. अक्काला लई तकलीफ होती. पाळकसाहेबाला निरोप धाडला, पर वाटंवर दंगा, ते कसे येतील? अन्न तर तिनं टाकलंच होतं. शेवटच्या दिशी सकाळी मला म्हणाली, राहेल, भाकर मोड. म्या म्हटलं, दुधात कुस्करून देऊ? न्हाई म्हणाली. प्रभूची मोडतात तशी मोड, म्हणाली. म्या कोण वो मोडणारी? ना पाळक, ना कुणी. पर तिचं तोंड बघून मोडली. दोन शब्द येत होते प्रार्थनेचे, तेवढे म्हटले. बराबर म्हटले का, ते बी ठाव न्हाई." तिने पदराने तोंड पुसलं. "म्या पाप केलं का, मास्तर?"

शास्त्र काय सांगतं ते मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "तिनं खाल्ली का?"

"खाल्ली," राहेल म्हणाली. "अन् म्हणाली, अजून दे."