आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!

सातवीतच शाळा सोडून एकटाच जालन्यात आलेला मी. लग्न ठरलं, पण माझ्याकडून येणारं कोणी नव्हतं. सासरचे काय म्हणतील, याच धास्तीत पत्रिका छापायला गेलो.

छपाईवाल्यानं पेन कानावर खोचला आणि संगणकावर लहान मुलांसारखं वेडंवाकडं अक्षर निवडलं. "खाली पोरांच्या हातचं निमंत्रण टाकू. पुतण्यांची नावं सांगा."

"मला पुतणेच नाहीत."

"मंग माझी पोरं घ्या, दोन हायेत," म्हणत त्यानं नावं टाकलीसुद्धा.

लग्नाला तो दोघांना घेऊन आला. सासऱ्यांनी पोरांना कौतुकानं विचारलं, "पत्रिकेत तुम्हीच लिहिलं का?"

मी घाईनं पुढं झालो.

धाकटी फणकारली, "न्हाई! माझं अक्षर इतकं घाण न्हाई. काका मात्र आमचेच हायेत."