आमच्या रानातला म्हसोबा

माझ्या धाकट्या भावानं एका सकाळी देव तयार केला आणि मग तो देव त्याला आवरेना. आता सगळं सुरळीत झालंय म्हणून मी हे हसत सांगतेय. तेव्हा हसायची सोय नव्हती.

आधी माझं सांगते. टेलिफोनच्या हापिसातून निवृत्त झाल्यावर मला दगड बघायचं वेड लागलं. आमचा एक रविवारचा कंपू आहे. कुणी डॉक्टर, कुणी दुकानदार, दोघी-तिघी माझ्यासारख्या रिकामटेकड्या. सकाळी भडकल दरवाज्यापाशी जमायचं आणि कुठंतरी निघायचं. कधी विद्यापीठामागची लेणी, कधी एखाद्या खेड्यातली पायऱ्यांची बारव, कधी नुसतेच शहरातले दरवाजे. शहागंजची माझी मैत्रीण आमच्या कंपूतली सगळ्यात फटकळ. ती म्हणते, "अपने शहर में हर घर के नीचे सुरंग है, और हर सुरंग दौलताबाद जाती है." खरंच आहे तिचं. इथं ज्याला विचाराल त्याच्या परसात भुयार असतं आणि ते थेट देवगिरीवर निघतं. आत गेलेला मात्र कुणी भेटत नाही.

भावाला माझं हे वेड म्हणजे निव्वळ थेरं वाटायची. "आक्का, दगड बघायला पेट्रोल जाळत जातीस व्हय? आमच्या बांधावर ये, फुकटात दावतो," असं तो दरवेळी म्हणायचा. आणि एक दिवस त्यानं खरंच दाखवला.

आमचं गाव शेंद्र्याच्या पलीकडं. वडील होते तेव्हाच आमचं मोठं रान कारखान्यांसाठी गेलं. मोबदला मिळाला, नाही असं नाही, पण तो कुठं मुरला ते कुणाला कळलं नाही. वडील मात्र मरेपर्यंत त्या तारेच्या कुंपणाकडं बघत बसायचे. आत आपली चिंच होती, एवढंच म्हणायचे. आता उरलाय तो ओढ्याकाठचा एक तुकडा. भाऊ, भावजय आणि शेंद्र्याला कंपनीत जाणारा त्यांचा मुलगा गावातल्या दोन खोल्यांत कसेबसे राहत होते. पावसात चुलीपाशी पातेली मांडावी लागायची. भावजयीनं किती वर्षं घराचं टुमणं लावलं होतं, आणि शेवटी दिवाळीनंतर त्या तुकड्याच्या कोपऱ्यावर पाया खणायला जेसीबी आला. दुपारी भावाचा फोन आला, एक चित्राचा दगड लागलाय म्हणून.

मी तशीच निघाले. जाऊन बघते तर काय, कमरेएवढा काळा दगड, मातीनं लडबडलेला. भावजयीकडून दोन घागरी पाणी मागवलं आणि हातानं चोळत बसले. खालच्या चौकटीत एक माणूस ढाल-तलवार घेऊन उभा. त्याच्या पायाशी गाई. मधल्या चौकटीत दोन बायका त्याला दंडाला धरून वर स्वर्गात नेताहेत. सगळ्यात वर तोच माणूस पिंडीपुढं हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. वीरगळ. गावची गुरं चोरांपासून राखताना जो मेला त्याच्या नावानं उभा करतात तो दगड. मी दुसऱ्यांच्या गावात जाऊन असे दगड बघत फिरले होते आणि हा आमच्याच रानात, आमच्याच पायाखाली निजला होता. मला रडूच आलं. मी फोनमध्ये फोटो काढले आणि भावाला सगळं समजावून सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला.

"आक्का, कुणाला सांगू नको," तो म्हणाला. "सरकारला कळलं की हा तुकडाबी गेला."

हॉटेलावर त्यानं ऐकलं होतं की रानात जुनं काही निघालं की सरकारची निळी पाटी लागते आणि मग आजूबाजूला एक वीट ठेवू देत नाहीत. मी म्हटलं, अरे, असे वीरगळ गावोगाव पडलेत, त्यांच्यासाठी कुणी कुणाची जमीन घेतलेली मी तरी ऐकली नाही. पण ज्याची चिंच एकदा कुंपणात गेली त्याला काय पटवणार? मीही तोंडाची फटकळ, तोही तसाच. चांगलं वाजलं आमचं. शेवटी मी गप्प राहायचं कबूल केलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी या शहाण्यानं काय करावं? वाण्याकडून शेंदूर आणला, भावजयीच्या डब्यातलं करडईचं तेल ओतलं, कालवलं, आणि वीरगळाला वरपासून खालपर्यंत थापून टाकलं. ढाल, तलवार, गाई, बायका, सगळं शेंदराखाली गडप. पुढं नारळ फोडला. कुणी विचारलं की सांगायचं, म्हसोबा निघाला. त्याचा हिशेब सरळ होता. दगड सरकार उचलून नेईल, म्हसोबाला हात लावायची कुणाची छाती आहे? मला फोनवर हे सांगताना त्याचा आवाज असा की जणू मोठी लढाई मारलीय. भावजय मागून ओरडत होती की सगळं तेल संपवलं.

आठ-पंधरा दिवस बरे गेले. मग शेजारच्या रानातल्या एकाची म्हैस लाथा मारायची थांबली. तो म्हणे म्हसोबाला नवस बोलला होता. झालं. अमावास्येला पाच-सहा बायका निवद घेऊन आल्या. पुढच्या अमावास्येला पन्नासेक माणसं, आणि त्यांच्या पायाखाली निम्मा हरभरा. कुणी घंटा बांधली, कुणी वर पत्रा टाकला. एकानं बोकड कापला आणि जेवणावळीच्या पत्रावळ्या तिथंच टाकून गेला. गावातल्या म्हाताऱ्यांनी मारुतीच्या पारावर बसून ठरवलं की देव एवढा जागृत आहे तर सभामंडप हवा. सभामंडप कुठं? तर भावानं खणून ठेवलेल्या पायावर. आयता होताच! आणि घराचं काय, असं भावजयीनं विचारलं तर म्हणाले, बाई, म्हसोबाच्या अंगाला लागून कुणी न्हाणी-संडास बांधतं का? कोपला तर?

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. इथं मारुतीही नाही, थेट म्हसोबा झाला. सरकारच्या भीतीनं पळाला आणि देवाच्या तावडीत सापडला. सरकारनं निदान नोटीस तरी दिली असती. खोटं होतं असं सांगावं तर गाव तोंडात शेण घालणार, न सांगावं तर तुकडा जाणार. पाया उघडाच पडला, सिमेंटची पोती ओल लागून दगड झाली. मी एकदा गेले तर भाऊ बांधावर बसून त्या कुंपणाकडं बघत होता, अगदी वडिलांसारखा.  भावजय त्याच्याशी बोलतच नव्हती. मला म्हणाली, "वन्सं, मी आता घराचं नाव काढत न्हाई. त्यांना तेवढं जेवायला लावा."

मग त्यानंच एका संध्याकाळी मला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि हळूच म्हणाला, ती तुझ्या ओळखीची दगडवाली बाई आहे ना, तिला आणतीस का? ज्या सरकारला लपवायला देव केला त्याच सरकारला आता आवतण! मला टोमणा मारायचा मोह झाला होता, पण आवाज ऐकून गिळला.

ती बाई म्हणजे जुन्या वास्तूंच्या खात्यातली एक तरुण अधिकारी. एकदा आमच्या कंपूला तिनं लेणी दाखवली होती. ती आली, पायांत बूट, खांद्याला कापडी पिशवी. भावानं तिला चहा दिला. तिनं शेंदराला नखही लावलं नाही, नुसती बोटं फिरवली आणि माझ्या फोनमधले आधीचे फोटो बघितले. मग बोलली. वीरगळच आहे, फार जुना आहे, गाईंसाठी मेलेल्या माणसाचा आहे. तुमच्याच गावचा कुणीतरी असणार, गावानंच उभा केला असणार. भावाला त्यातलं काही ऐकू जात नव्हतं. त्यानं मध्येच विचारलं, "आन् जमीन?"

ती गोंधळली. "कसली जमीन?"

"ही. कधी घेणार?"

"अहो काका, एका दगडासाठी आम्ही जमीन कशाला घेऊ?" ती म्हणाली. "आम्ही नोंद करतो, फोटो ठेवतो. दगड तुमच्या गावातच राहू द्या. उन्हापावसात पडू देऊ नका, एवढं करा."

भावानं पुन्हा तेच विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. भावजयीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, सुटलो रे बाबा! पण अजून देव बाकी होता.

दगड मारुतीच्या पारावर न्यावा असं तिनंच सुचवलं. म्हातारे म्हणाले, तुमचा दगड असेल, आमचा देव आहे. देव हलवायचा तर कौल लावावा लागेल. आमच्याकडं ही रीत जुनी आहे. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. नकार आला की विषय संपला, त्यावर कुणी बोलत नाही. म्हणजे भावाचं घर आता एका झेंडूच्या फुलावर आलं.

अमावास्येच्या सकाळी सगळं गाव रानात. पुजाऱ्यानं फुलं लावली. शेंदूर ताजा होता, तेलकट, तरी दोन्ही फुलं घट्ट बसली. प्रश्न विचारायचा मान रानाच्या मालकाचा. भाऊ पुढं झाला, टोपी काढली, आणि त्यानं जे केलं ते आम्ही कुणी ठरवलेलं नव्हतं.

"बाबा, तू म्हसोबा नाय," तो सगळ्या गावादेखत म्हणाला. "तू माणूस हायस. ह्या गावच्या गुरांसाठी मेलास. तुझं तोंड मी झाकलं, कारण मी भ्यालो. मला लई भ्या वाटलं, बापासारखं आपलंबी रान जाईल म्हणून. आता मला हितं घर बांधू दे. तू पारावर चल. दिवा मी लावीन."

 म्हाताऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मी भावजयीचा हात धरला. फुलं काही हलेनात. ऊन वर यायला लागलं. मग डावं फूल जरा सरकलं.  मी आयुष्यात कौलावर विश्वास ठेवला नाही, पण त्या क्षणी मी त्या दगडातल्या माणसाला मनातल्या मनात म्हणाले, तू गाई राखल्यास ना, मग हेही राख. डावं फूल सरकून तेलात अडकलं आणि तिथंच थांबलं. आणि उजवं टपकन खाली पडलं.

चांगभलं असा एकच गजर झाला. भावजय माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले. भाऊ मात्र टोपी हातात धरून नुसता उभा होता, श्वास घ्यायला शिकत असल्यासारखा. सगळ्यात म्हातारे आजोबा त्याच्यापाशी आले. आता हा फैलावर घेणार, असं मला वाटलं. पण ते एवढंच म्हणाले की गाईंसाठी मेला असेल तर तो म्हसोबाहून कमी नाही, आणि ट्रॉली कुणाची आणायची ते सांग.

हलगी लावून वीरगळ गावात आला. पारावर आता तो गुरांच्या हौदाकडं तोंड करून उभा आहे. नव्यानं शेंदूर लावायचा नाही असं ठरलंय. जुना हळूहळू निघतोय, ढाल आणि एक गाय दिसायला लागलीय. भाऊ रोज संध्याकाळी दिवा लावतो. आमचा रविवारचा कंपू तिथं गेला तेव्हा त्यानंच सगळं समजावून सांगितलं, मला तोंड उघडू दिलं नाही. माझी शहागंजवाली मैत्रीण कौतुकानं ऐकत होती. शेवटी त्यानं हळूच सांगितलं की दगड निघाला त्या खड्ड्यातून बहुतेक भुयारही जात असावं, देवगिरीला.

उन्हाळ्यात घराचा स्लॅब पडला. मागच्या महिन्यात शोषखड्डा खणताना भावाचा पुन्हा फोन आला. "आक्का, अजून एक दगड लागलाय," तो म्हणाला.  मी म्हटलं, "तेलाच्या डब्याला हात लावू नकोस. मी निघाले."

"नको येऊ. नुसताच दगड हाय," तो म्हणाला. "चारी अंगांनी धुऊन बघितला. कोण नाय त्याच्यावर."

मी म्हटलं, सुटलो.  पण त्यानं फोन ठेवला नाही, मागं जेसीबी चालूच होता.

"उद्या पुन्यांदा एकदा धुतो," तो म्हणाला. "उजेडात नीट बघतो. कुणी असला आन् आपल्याला दिसला नाय, असं नको व्हायला."